शेवटच्या तासाचे मालक

दादा सांब्र्याहून विमानानं मुंबईला गेला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर युद्ध पेटलं. त्यानं मराठीत पाणी मागितलं. हवाई सुंदरीला कळलं नाही, तिनं हिंदीत विचारलं. दादाचा आवाज चढला, 'बेळगावातनं विमान सुटतंय आणि मराठी येत नाही?' पुढच्या रांगेतला एकजण मागं वळून कन्नडमधून म्हणाला, बेळगाव कर्नाटकात आहे, तिला आधी कन्नड यायला पाहिजे. मग या दोघांची जुंपली आणि पोरगी ट्रॉली धरून मध्ये उभी. दादानं हे सगळं पराक्रम म्हणून लिहिलं. खाली अंगठ्यांची रांग लागली. काकांनी बेळगाव कर्नाटकाकडे गेलं ते 1956 साल काढलं, आतेभावानं 2004 सालचा सर्वोच्च न्यायालयातला दावा काढला. पाणी मिळालं की नाही, ते कुणी विचारलं नाही.

मी इकडं जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये. या आठवड्यात केर्वोखे, म्हणजे इमारतीचा जिना पुसायची पाळी, आमच्याकडे. जिना पुसून वर आलो आणि हे वाचलं. डोकं फिरलं.

आधीच सांगतो, मला कुणी सीमाप्रश्न शिकवू नये. 1 नोव्हेंबरच्या सायकल फेरीत मी शाळेत असल्यापासून दंडाला काळी फीत बांधून गेलोय. भाषेचा मान मलाही कळतो. पण तो पाण्याची बाटली वाटणाऱ्या पोरीकडून वसूल करायचा असतो का?

मुळात ती वाटपासाठी नसतेच. पन्नास आसनांमागे एक माणूस विमानात असलाच पाहिजे, हा नियम आग लागली तर दार उघडायला कुणी असावं म्हणून आहे. चहापाणी हे मधल्या वेळचं काम. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर धावपट्टीवरच टक्कर होऊन जपानचं विमान पेटलं. आतली उद्घोषणेची यंत्रणा बंद पडली. बारा जणांच्या क्रूनं भोंग्यावरून आणि घसा फोडून ओरडत 367 प्रवासी बाहेर काढले. लोकांनी बॅगा जागेवर सोडल्या. त्या विमानातले सगळे वाचले. तिथं कुणी विचारलं नसेल, बाई, तू कुठल्या भाषेत ओरडतेस?

इथं जर्मनीत विमानात साठीला टेकलेल्या बायका काम करतात. केस पांढरे, चष्मा नाकावर. दुसरी कॉफी मागितली तर 'नंतर' म्हणतात, आणि ते नंतर कधी येत नाही. कुणाचं काही बिघडत नाही. मार्च 2024 मध्ये केबिन क्रूचा संप झाला, फ्रांकफुर्टची विमानं रद्द झाली, लोक कपाळाला आठ्या घालून मुकाट बानमध्ये, म्हणजे रेल्वेत, बसले. आपल्याकडे 'हवाई सुंदरी' या शब्दातच गोम आहे. एकदा सुंदरी म्हटलं, की तिनं हसलंच पाहिजे. डिसेंबर 2022 मध्ये इस्तंबूलहून दिल्लीला येणाऱ्या विमानात जेवणावरून प्रवासी अंगावर ओरडला आणि एक पोरगी म्हणाली, मी तुमची नोकर नाही. तर देशभर चर्चा कशाची? तिच्या आवाजाची. आतेभावाचंही तेच, दादाला वाकडं बोलली असती तर तिला सस्पेंड करायला लावलं असतं म्हणे. अरे, 2017 च्या नियमांप्रमाणे नुसती शिवीगाळ केली तरी प्रवाशालाच तीन महिन्यांपर्यंत उडायची बंदी होऊ शकते, हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत.

आणि हे विमानापुरतं कुठं आहे? फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ बाळेकुंद्रीकडे बसमध्ये भाषेवरून कर्नाटकच्या कंडक्टरला मारलं, तिकडं चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं, आणि दोन्हीकडच्या बस थांबल्या. हाल कुणाचे? निपाणी-कोल्हापूर रोज ये-जा करणाऱ्यांचे.

एवढं ग्रुपवर लिहिलं तर दादाचं उत्तर आलं, 'तुमचे गोरे लई शहाणे.' खोटं कशाला बोलू, इथंही रात्रीच्या एस-बानमध्ये तिकीट तपासणारे मार खातात. ते मी त्याला लिहिलं नाही.

आणखी एक लिहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आजी गेली. मातीला पोचलो नाही, बाराव्याला निघालो. फ्रांकफुर्ट ते मुंबई मी आदर्श प्रवासी. पट्टा सांगायच्या आधी बांधलेला, 'डांकं' आणि 'बिटं', म्हणजे आभार आणि कृपया, प्रत्येक घासाला. मुंबईहून बेळगावच्या छोट्या विमानात बसलो आणि कुठनं कोण जाणे, अंगात मालक आला. पहिल्या रांगेत पायाशी बॅग ठेवली. ती पोरगी म्हणाली, सर, बॅग वर ठेवावी लागेल. मी नाही म्हणालो. तिनं परत सांगितलं. मग मी इंग्रजीतून सुनावलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की मी वर्षाला किती विमानं बदलतो माहीत आहे का, मला नियम शिकवू नकोस.

ती गप्प राहिली. ट्रॉलीच्या तांबड्या ब्रेकवर पाय तसाच दाबून धरलेला, हातात कागदी पेल्यांची चवड. मी भावाशी फोनवर मराठीत बोललो, ते तिनं ऐकलं असणार. वाकून हळू म्हणाली, 'बसा की वो सर. मी ठेवतो वर. उतरताना काढून देतो, विसरणार नाही.' बाईमाणूस असून 'ठेवतो', 'देतो'. आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडची असावी, तिकडं बायका असंच बोलतात. गळ्यात आवंढा आला. उत्तर द्यायला गेलो तर तोंडातून परत इंग्रजीच निघालं, 'ओके.'

श्टुटगार्टमधल्या अकरा वर्षांत मी एकदाही कुणावर आवाज चढवलेला नाही. त्याला मी शिस्त म्हणत आलो. इथं आपण पाहुणे, उद्या कोण काय म्हणेल, ही भीती असते पोटात. ती मुंबईला उतरवून ठेवली आणि शेवटच्या एका तासात सगळं त्या पोरीवर काढलं. दादानं निदान मराठीसाठी तरी भांडण काढलं. मी कशासाठी?

विमान खाली यायला लागलं. ती समोरच्या पाडायच्या सीटवर, माझ्याकडे तोंड करून बसली, हात मांड्यांखाली. खिडकीत सांब्र्याची शेतं आली. उद्घोषणा झाली, इंग्रजीतून आणि हिंदीतून. मराठी नव्हती, कन्नडही नव्हती, आणि मला तेव्हा ते जाणवलंसुद्धा नाही. दार उघडल्यावर तिनं बॅग काढून दिली.