बोल्ट बंद झाला म्हणजे बॅरल बसलं, असं नसतं

रविवारी सकाळी ऐरोलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुझ्या वर्कशॉपमधलं लेथ संध्याकाळी मोकळं असतं का?" कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, रेंजवरच्या एका मित्राला रायफलचं बॅरल बदलायचंय. बसवून तपासायचं कसं ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, एकदम सोपं आहे. म्हटलं, आधी पाठव ते.

वाचलं आणि चहा तसाच राहिला. "गनस्मिथला पैसे का देता? बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलचं बॅरल घरी बदला" असा मथळा. खाली तपासणीचे पाच मार्ग. एक, काडतूस घालून बोल्ट, म्हणजे काडतुसामागे बंद होणारा दांडा, बंद झाला की बॅरल बसलं. दोन, खात्री हवी असेल तर काडतुसाच्या बुडाला चिकटपट्टीचे दोन थर लावा, आता बोल्ट अडला पाहिजे. तीन, पहिला बार दोरी बांधून लांबून काढा, काही झालं नाही तर रायफल पास. चार, बॅरल आणि लाकडी दस्त्याच्या मधून दहाची नोट सरकली की फिटिंग उत्तम. पाच, लष्करातही थ्री-नॉट-थ्रीची बॅरल अशीच बदलत असत, गेजबिज ही कंपन्यांची कमाई आहे. भाच्याला हा मेसेज तीन ग्रुपमधून आला होता, आणि एका ग्रुपवर तर "सेव्ह करून ठेवा" असा शेरा होता.

मी बंदुकांचा कारागीर नाही. वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी गेज, म्हणजे माप बरोबर आहे का ते पाहायची साधनं, बनवण्यात आणि तपासण्यात गेली. त्यामुळे "गेजबिज" हा शब्द वाचून राग आला हे कबूल करतो. पण लिहायला बसलो ते भाच्यासाठी. १ ऑगस्ट २०२४ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, तेव्हापासून या मुलानं दुसरा विषय काढलेला नाही. तो गालाला रायफल लावून, डोळा बोल्टपासून वीतभर अंतरावर ठेवून तासन्‌तास पडून असतो. या मेसेजमध्ये जे चुकलंय त्याची किंमत त्या वीतभर अंतरात मोजावी लागते.

आधी मापाची गोष्ट. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकातल्या त्याच्या जागेत, पुढे सरकतं आणि कुठेतरी टेकून थांबतं. ते टेकायचं ठिकाण आणि बंद बोल्टचा चेहरा, या दोहोंमधलं अंतर म्हणजे हेडस्पेस. पॉइंट टू टू किंवा थ्री-नॉट-थ्रीसारख्या कडवाल्या काडतुसात बुडाची कड टेकते. कड नसलेल्या, बाटलीसारख्या काडतुसात खांद्याचा उतार टेकतो. बॅरल बदललं की हे अंतर बदलतं, कारण चेंबर बॅरलमध्येच कोरलेलं असतं. अंतर कमी पडलं तर बोल्ट पुरता बंद होत नाही. जास्त झालं तर बोल्ट अगदी लोण्यासारखा बंद होतो. मेसेजचा पहिला मुद्दा इथेच कोसळतो.

"बोल्ट बंद झाला" यावरून एवढंच कळतं की चेंबर आखूड नाही. लांब आहे का, हे त्यातून कधीच कळणार नाही. टूलरूममध्ये पहिल्या आठवड्यात पोराला हेच शिकवतात: भोक तपासायला नुसतं गो गेज दिलं तर मोठी झालेली सगळी भोकं पास होतील. म्हणून गेजला दुसरं टोक असतं, नो-गो. गो आत गेलं पाहिजे, नो-गो अडलं पाहिजे. रायफलच्या चेंबरलाही तंतोतंत हाच नियम. गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर व्हायला नको. वापरून झिजलेल्या रायफलीसाठी तिसरं, फील्ड गेज असतं. त्यावरही बोल्ट बंद झाला तर ती रायफल बाजूला ठेवायची. मेसेजनं अर्धी तपासणी ठेवली आणि जीव वाचवणारी अर्धी काढून टाकली.

आता चिकटपट्टी. मेसेजमधला हा सगळ्यात हुशार वाटणारा मुद्दा आहे, म्हणून सगळ्यात वाईट. लिहिणाऱ्याला नो-गो लागतं एवढं कळलंय, आणि ते त्यानं पट्टीनं बनवायला घेतलंय. आकडेच मांडतो. 'सामी' ही अमेरिकेतल्या बंदूक आणि काडतूस उत्पादकांची १९२६ सालची संस्था. तिची ड्रॉइंग इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतात. मेसेजमध्ये उदाहरण थ्री-झीरो-एट विंचेस्टरचं आहे, म्हणून तेच घेतो. ड्रॉइंगप्रमाणे चेंबरचं हे माप १.६३० ते १.६४० इंच चालतं. काडतुसाचं १.६२७ ते १.६३४ चालतं. म्हणजे दुकानातून आणलेली दोन चांगली काडतुसं एकमेकांपासून सात थाऊनं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी असू शकतात. नवीन बॅरल बसवताना मात्र याहून घट्ट मर्यादा धरतात, गो गेज १.६३०चं आणि नो-गो १.६३४चं वापरतात. दोहोंत फरक चार थाऊ, एक दशांश मिलिमीटर.

साधी पट्टी धरा दोन थाऊची, दोन थर म्हणजे चार थाऊ. तुमच्या हाती १.६२७चं आखूड काडतूस आलं, तर पट्टीसकट ते १.६३१ झालं. चेंबर १.६३३ असेल, म्हणजे अगदी व्यवस्थित, तरी बोल्ट बंद होणार. तुम्ही म्हणणार बॅरल सैल आहे, आणि चांगलं बसलेलं बॅरल उगाच आत आवळणार. हाती १.६३४चं लांब काडतूस आलं, तर पट्टीसकट १.६३८. चेंबर १.६३७ असलं तरी बोल्ट अडणार आणि तुम्ही म्हणणार पास. खऱ्या नो-गोवर तोच बोल्ट आरामात बंद झाला असता. पट्टी तीच, बॅरल तेच, खोक्यातून कुठलं काडतूस निघालं त्यावर निकाल. याला मोजणं म्हणत नाहीत.

त्यात पट्टी दबते. पितळही दबतं. बोल्टचे लग्ज, म्हणजे अडकणारे दात, ज्या जागेत फिरतात तिथे उतार असतो, त्यामुळे हँडल खाली दाबताना हाताच्या जोराचा कितीतरी पट दाब काडतुसावर पडतो. "किंचित अडतंय, जरा दाबला की बसतोय" असं म्हणणाऱ्यानं तेवढ्या वेळात पितळाचा खांदा मागे रेटलेला असतो. म्हणूनच जाणता कारागीर गेज घालण्याआधी बोल्ट उघडून फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) आणि एक्स्ट्रॅक्टर, इजेक्टर (काडतूस बाहेर काढणारे भाग) काढून ठेवतो आणि हँडल दोन बोटांनी, हलकेच खाली आणतो. गेज कडक पोलादाचं असतं, दबत नाही. आणि त्यात दारू नसते! मेसेज मात्र सांगतो की घरात, टेबलावर, जिवंत काडतूस चेंबरमध्ये घालून हँडल दाबून बघा. फायरिंग पिन काढा असं एक अक्षर त्यात नाही.

भाच्याच्या पॉइंट टू टूला हे आणखी घातक. या काडतुसात मधोमध प्रायमर नसतो, पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. गो गेजचं माप ०.०४३ इंच, साधारण १.०९ मिलिमीटर. एवढ्या पातळ कडेवर पट्टी डकवून बोल्ट रेटायचा म्हणजे तो मसाला पोलादाच्या दोन तोंडांत चिरडायचा, तेही बोल्ट पुरता लॉक व्हायच्या आधी. काडतूस तेव्हाच उडालं तर मागे त्याला धरून ठेवणारं काहीच नसतं. "पॉइंट टू टू म्हणजे खेळणं" म्हणणारे रेंजवरही भेटतात. सामीच्या हिशेबात त्याचा कमाल दाब २४,००० पीएसआय आहे. थ्री-झीरो-एटचा ६२,०००. घरचा कुकर पंधराच्या आसपास शिटी देतो.

दोरी बांधून काढलेल्या बारावरही थोडं थांबतो, कारण ऐकायला ते जबाबदारीचं वाटतं. हेडस्पेस जास्त असली तर बार उडताना काडतुसाचा पुढचा पातळ भाग दाबामुळे चेंबरला चिकटून बसतो आणि जाड बूड मागे बोल्टवर जाऊन आपटतं. मधलं पितळ ताणलं जातं, बुडाच्या थोडं पुढे. पहिल्या बाराला नुसतं ताणलं जाईल, बाहेरून एखादं चकचकीत कडं दिसेल किंवा तेही दिसणार नाही. पुढचं काडतूस थोडं आखूड निघालं, किंवा त्याचं पितळ थोडं कडक निघालं, की तिथेच तुटतं आणि तो सगळा वायू मागे येतो, जिथे नेमबाजाचा डोळा असतो. एक बार सुखरूप गेला याचा अर्थ एक बार सुखरूप गेला, इतकाच. कारखान्यात प्रूफ घेतात ते मुद्दाम जास्त दाबाच्या काडतुसानं, आणि नंतर रायफल पुन्हा तपासतात. लांबून दोरी ओढून ते होत नाही.

दहाची नोट खरी आहे, हे द्यावं लागेल. बॅरल दस्त्याला कुठे घासत तर नाही ना, हे बघायला नेमबाज कागदाची पट्टी बॅरलखालून सरकवतात आणि अचूकतेला त्याचा उपयोग होतो. पण ती तपासणी लाकूड आणि बॅरल यांच्यातल्या फटीची. चेंबरशी तिचा काडीचा संबंध नाही.

थ्री-नॉट-थ्रीचा दाखला तर उलटाच आहे. थ्री-नॉट-थ्री काडतुसाच्या ली-एन्फील्ड नंबर ४ रायफलीला सुटं बोल्ट-हेड (बोल्टचं पुढचं टोक) असायचं, ते ०, १, २, ३ अशा क्रमांकांत यायचं, लांबी चढत जाणारी. कशासाठी? गेज लावून हेडस्पेस जास्त भरली की आर्मरर, म्हणजे लष्करातला शस्त्रांचा कारागीर, पुढच्या क्रमांकाचं हेड बसवून ती जागेवर आणायचा. बोल्टवर रायफलचा नंबर मारलेला असायचा तोही बोल्टची अदलाबदल होऊ नये म्हणून. लष्करानं गेजशिवाय काम केलं असं म्हणणाऱ्यानं ती रायफल कधी उघडून पाहिलेली नाही.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. बॅरल बदलणं हे प्रत्येक रायफलीत लेथचं काम नसतं. सॅव्हेज ११० ही १९५८ पासूनची रायफल, तिचं बॅरल एका नटनं आवळलेलं असतं. सीझेड ४५७चं बॅरल स्क्रूंवर धरलेलं असतं. ब्लेझर आर९३ आणि आर८मध्ये बोल्ट थेट बॅरलमध्येच लॉक होतो, त्यामुळे हेडस्पेस बॅरलबरोबरच ठरलेली येते आणि मालकानं बॅरल बदलावं अशीच त्यांची रचना आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं असा एखादा व्हिडिओ पाहिला असणार आणि तो सगळ्या रायफलींना लावला. पण सॅव्हेजचा नट आवळतानाही आत गो गेज असतं. बॅरल त्याला टेकेपर्यंत फिरवायचं, नट आवळायचा आणि मग दोन्ही गेजांनी पुन्हा बघायचं, कारण आवळताना आट्यांमधली ढिलाई निघते आणि माप हलतं. नटऐवजी स्वतःच्या खांद्यावर टेकून आवळल्या जाणाऱ्या बॅरलमध्ये, म्हणजे रेमिंग्टन ७००च्या धर्तीच्या रायफलीत, माप चुकलं तर नट फिरवून सुटका नाही. खांदा किंवा चेंबर लेथवर कापावं लागतं, तेही थाऊ-थाऊनं.

आणि आपल्याकडे हे लेथ कुणाचं, हा प्रश्न आहेच. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ परवान्याशिवाय बंदूक बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं, तिची चाचणी घेणं, सगळ्याला मनाई करतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे. रायफलीचा परवाना नेमबाजाकडे असला तरी वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या गाळ्यातल्या टर्नरला तिला हात लावता येत नाही. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी त्या टर्नरचा विचार केलेला नाही. शेजाऱ्याचं काम म्हणून तो आट्या पाडून देईल आणि अडकेल.

भाच्याला मी लेथ दिलं नाही. नाराज झाला, मग संध्याकाळी कोपरीला घरी आला. त्याला माझ्या पेटीतलं एक जुनं प्लग गेज दाखवलं, दोन्ही टोकं एका भोकात घालायला लावली. गो गेलं, नो-गोही गेलं. म्हणाला, "मामा, हे तर दोन्ही बाजूंनी जातंय." म्हटलं, हा तुकडा भंगारात जाईल. आता डोळ्यांसमोर हे भोक म्हणजे मित्राचं बॅरल धर.

मित्र या शनिवारी परवानाधारक कारागिराकडे जातोय. भाच्यानं कारागिराला विचारायचे प्रश्न माझ्याकडून कागदावर लिहून नेलेत. आमच्याच कॅलिबरचं गो आणि नो-गो दोन्ही आहे का? गेज लावताना बोल्ट उघडून पिन आणि एक्स्ट्रॅक्टर काढणार ना? बॅरल शेवटचं आवळून झाल्यावर पुन्हा तपासणार का, आणि ते आमच्यासमोर? तिसऱ्या प्रश्नाखाली त्यानं स्वतःच दोन रेघा ओढल्या.