गोव्यातल्या हणजूणच्या खडकांवरील 'ओहोटीच्या वेळे'बद्दल खुलासा

गरी (मासे पकडायचा गळ) टाकणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'हणजूण-वागातोरच्या खडकांवर रोज सकाळी सहा ते दहा ओहोटी असते, बिनधास्त टोकापर्यंत जा.' ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी तो बरोबर असेलही. पण भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आठवडाभरात त्याच वेळी त्याच खडकावर भरती असते! मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक उघडून सलग आठ दिवसांच्या वेळा वाचा, लगेच दिसेल. शिवाय आपल्याकडे दिवसातल्या दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर पाणी आणखी वर चढतं.

पाणी एकसारखं चढत नाही, हे जास्त महत्त्वाचं. साधारण सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मं पाणी येतं. आधी मागची घळ भरते, टोकावरचा माणूस मात्र अजून कोरडाच असतो. परतीची वाट तिथेच तुटते.

जागा हेरायला ओहोटीलाच जावं, हे खरं. खडकांमधल्या घळी, वाळूतले खोलगट पट्टे तेव्हाच दिसतात. गरी मात्र पाणी चढू लागल्यावर, मागे सुकी वाट ठेवून टाका. पायाखाली हिरवं शेवाळ किंवा कालवं असली तर तिथे भरतीचं पाणी येतंच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, विशेषतः बाहेरून आलेली मंडळी असतील तिथे.