गहू आडवा पडतो, मरत नाही. पण नुकसान होतंच

‘इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातल्या गव्हात रात्रीतून उमटणाऱ्या वर्तुळांनी (क्रॉप सर्कल, म्हणजे पीक आडवं पाडून काढलेल्या आकृत्या) रोप मरत नाही, म्हणून ती निव्वळ कला’ हा क्रॉप सर्कलवरच्या एका लेखातला मुद्दा अर्धाच खरा आहे. ही वर्तुळं माणसंच काढतात; फळी, दोरी आणि मध्यभागी खुंटी एवढंच सामान लागतं. फवारणीच्या ट्रॅक्टरच्या चाकोरीतून आत शिरलं की पाऊलखुणाही दिसत नाहीत. डग बॉवर आणि डेव्ह चॉर्ली या दोन इंग्रजांनी 1991 मध्ये हे करून दाखवलं होतं.

हिरवं पीक दाबलं तर पेरापाशी वाकून पुन्हा उभं राहू पाहतं. जुलैअखेर पिकत आलेला गहू मात्र उठत नाही. ओंब्या जमिनीलगत ओल धरतात, बुरशी येते, दाणे शेतातच मोडावतात. त्या उचलायला हार्वेस्टरचा कटर खाली घ्यावा लागतो आणि पात्यात दगड जातात. शिवाय खरी नासाडी नंतर बघ्यांच्या पायांनी होते. कित्येक शेतकरी म्हणूनच आकृती लगेच कापून टाकतात.

2001 ची विल्टशायरमधल्या मिल्क हिल टेकडीवरची 409 वर्तुळांची रचना मलाही अप्रतिमच वाटते. तरी ज्याचं शेत त्याला आधी विचारा, पडलेल्या गव्हाचे पैसे द्या. परवानगी घेऊन केलेल्या आकृत्याही तितक्याच सुंदर असतात.