फुकटची तपासणी फुकट नसते

घरात ओल किंवा बुरशी दिसली तर वॉटरप्रूफिंगवाल्यांकडून ‘मोफत तपासणी’ करून घ्या, पैसे वाचतील, हा तुमच्याकडच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. ज्याला काम विकायचंय तोच तपासायला आला की भिंत आजारीच निघणार! आमच्या कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या घरी असाच एकजण आला. ओलावा मोजायचं यंत्र टेकवलं, लाल दिवा दाखवला आणि अख्ख्या पश्चिमेच्या भिंतीचं कोटेशन हातात ठेवून गेला. वरच्या बाथरूममध्ये डोकावलासुद्धा नाही. ओळखीच्या प्लंबरनं टाइल फोडली, तर आतल्या पाइपचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड, गळत होता. कपाटामागची काळी बुरशी तिथलीच.

आणि बुरशी तपासायला हवेचे नमुने लॅबला पाठवायचा खर्च बहुतेकांना लागतच नाही. अमेरिकेची ईपीए ही सरकारी पर्यावरण संस्थासुद्धा म्हणते, बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर सहसा नमुन्यांची गरज नसते. त्याआधी घरीच एक करा: डाग पुसून कोरडा करा, त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि एक-दोन दिवस ठेवा. थेंब आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, बाहेरून आले तर खोलीतल्या दमट हवेची. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या घरांचं प्रकरण वेगळं, तिथं गिलावा पुरता वाळायच्या आत रंग मारला की पापुद्रे ठरलेलेच. पैसे मोजायचेच असतील तर स्वतः काम न घेणाऱ्या सिव्हिल इंजिनिअरला नुसती व्हिजिट फी द्या, तीही आधी ठरवून.