योकोहामा, मुंबई आणि फुकटच्या वाऱ्या

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा तेच: ‘भगिनी शहर म्हणजे नगरसेवकांच्या फुकट परदेशवाऱ्या. जपानच्या योकोहामाने मुंबईला दिलं काय?’ अरे बाबा, मार्च २०२२ला मुदत संपल्यावर मुंबई पालिकेत कित्येक वर्षं निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. मग वाऱ्या कोणी केल्या?

दोन्ही शहरांचा भगिनी शहरांचा करार १९६५चा. पण जपानशी मुंबईचं नातं त्याच्या कितीतरी आधीचं. पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या भाड्याला वैतागून जमशेटजी टाटांनी १८९३मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीला हाताशी धरलं आणि मुंबईचा कापूस जपानी बोटींतून जाऊ लागला. योकोहामात तेव्हा रेशमाच्या व्यापारात आपले सिंधी होते. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपात शहर जमीनदोस्त झालं, वाचलेले व्यापारी कोबेला निघाले. योकोहामाने त्यांना राहायला घरं, बसायला पेढ्या देऊन परत बोलावलं. ते उपकार स्मरून भारतीय व्यापाऱ्यांनी १९३९मध्ये यामाशिता पार्कात पाणपोई बांधून दिली. घुमटाखाली उभं राहून मान वर केली की रंगीत मोझेकची नक्षी दिसते. आणि ते पार्कच मुळी भूकंपाचा राडारोडा समुद्रात भरून केलेलं! हे काहीच नाही?

घ्यायचंच असेल तर घेण्यासारखं पुष्कळ आहे. योकोहामाने २०१०पर्यंत कचरा तीस टक्के कमी करायचं ठरवलं आणि २००५मध्येच करून दाखवलं. (सोमवारी चुकीच्या कचऱ्याची पिशवी ठेवली तर शेजारच्या आजी ती दारात परत आणून ठेवतात, हा भाग वेगळा.) जहाजदुरुस्तीची जुनी सुकी गोदी योकोहामाच्या लँडमार्क टॉवर या गगनचुंबी इमारतीच्या पायथ्याशी आहे, ऑफिसातली माणसं तिथे पायऱ्यांवर डबा खातात. माझे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. आम्ही शिवडीत वाढलो, पण समुद्र आम्हाला भाऊच्या धक्क्यावर गेल्यावरच दिसायचा. बाकी सगळी भिंत. त्या भिंतीमागच्या जमिनीचं काय करायचं यावर अजून नुसती चर्चाच.

आता गंमत बघा. मी राहतो योकोहामात. इथे कोणी मुंबईला नावं ठेवली की मी तिची वकिली करतो. ‘भिंतीमागे फ्लेमिंगो येतात’, वगैरे. ग्रुपवर गेलो की योकोहामाची. इथे परदेशी म्हणून मतदानाचा हक्क नाही, मुंबईच्या मतदारयादीतून नाव कधीच उडालं. दोन्ही पालिकांना अक्कल मात्र मी शिकवतो. कर तेवढा योकोहामाला भरतो, जूनमध्ये, कुरकुरत.