वहीतला तिसरा रकाना

येत्या शुक्रवारी आईला जाऊन एक वर्ष होईल. वर्षभर लिहीन लिहीन म्हणत होते पण दोन ओळींच्या पुढं हात जात नव्हता. मागच्या रविवारी तिचं कपाट आवरायला घेतलं आणि साड्यांच्या घडीखाली ती वही सापडली. शंभर पानी, वरचा पुठ्ठा निघालेला, तिनंच जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं. लहानपणी ही वही रोज तिच्या पर्समध्ये बघितलेली, पण उघडून अख्खी वाचली ती आत्ता. म्हणून आज लिहितेय. पोस्ट मोठी होणार, वेळ असेल तेव्हा वाचा.

आई १९८१ ला पूर्व भागातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत लागली. माहेर बार्शी तालुक्यातलं, डीएड झालेलं, नुकतंच लग्न होऊन सोलापुरात आलेली. बाहेरगावच्यांसाठी सांगते, पूर्व भाग म्हणजे अशोक चौक, साखर पेठ, दत्त नगर असा सगळा पट्टा, तिथं दिवसरात्र यंत्रमागांची खटखट, आपली चादर आणि टॉवेल तिथलेच. बाप मागावर आणि आई घरात विड्या वळायला. तेलंगणातून काही पिढ्यांपूर्वी आलेला पद्मशाली समाज, घरात तेलुगू, बाजारात मराठी. पण सहा वर्षांच्या लेकराला कुठला बाजार माहिती असणार, ते घरातनं उठून थेट मराठी पहिलीत येऊन बसायचं.

पहिल्याच दिवशी एक मुलगी रडायला लागली, नीळ्ळु नीळ्ळु म्हणून. आईला वाटलं हिच्या बहिणीचं नाव निळू असेल, बहीण दुसऱ्या वर्गात असेल. तिचं बोट धरून चार वर्ग फिरली, निळू कोण आहे, निळू कोण आहे. शेवटी शाळेचे शिपाई मामा म्हणाले, ओ बाई, पाणी मागतंय ओ ते. उन्हाळा सोलापूरचा, आणि पाणी मागणाऱ्या लेकराला आपण अर्धा तास तहानलेलं फिरवलं, हे आई मरेपर्यंत विसरली नाही. त्याच संध्याकाळी तिनं वही आणली. पहिल्या पानावर पहिलाच शब्द आहे, नीळ्ळु, पाणी.

वहीत तीन रकाने आहेत. पहिल्यात तेलुगू शब्द देवनागरीत, दुसऱ्यात मराठी अर्थ, आणि तिसऱ्यात तो शब्द ज्यानं शिकवला त्या लेकराचं नाव आणि इयत्ता. तिसरा रकाना बघून मी खाली बसले. पहिलीतली पोरं तिनं गुरू म्हणून लिहून ठेवलीत. मध्येमध्ये स्वतःसाठी सूचना पण आहेत, पालु म्हणजे दूध, पुढं लिहिलंय "भिंतीवरची पाल शिकवताना आधी हे बोलणे".

मी दुसरीत तिच्याच वर्गात होते. शाळेत तिला बाईच म्हणायचं हा नियम, चुकून आई म्हटलं तर ती बघायचीच नाही. एकदा वर्गात एका मैत्रिणीनं सांगितलं, माझी आई विड्या द्यायला गेला. आम्ही चारपाच मराठी पोरी हसलो, सगळ्यात मोठ्यानं मी. आई तेव्हा काही बोलली नाही. संध्याकाळी शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा म्हणाली, तेलुगूत बाप आला तर वच्चाडु, आई आली तर वच्चिंदी, आणि बस आली तरी वच्चिंदीच. मग तिनं आला आली आलं हे तीन खण कुठनं आणायचे गं? तिला तिचं व्याकरण पक्कं येतंय आणि ती आता तुझं पण शिकायला लागलीय, तुला तिच्यातलं एक तरी वाक्य येतं का? दुसऱ्या दिवशीपासून वर्गात रोज दहा मिनिटं एक तेलुगू लेकरू फळ्यापाशी उभं राहून आम्हाला शिकवायचं. जी मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती ती खडू हातात आल्यावर काय दिसायची ते मला अजून आठवतंय.

चौथीनंतर मुलींची गळती सुरू व्हायची. हजार विड्या वळायच्या तर एकट्या बाईला रात्र होते, पानं भिजवा, कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा बांधा, त्यात पोरगी हाताशी असली की शेदोनशे विड्या जास्त निघतात. कारखान्यात विड्या द्यायला जायची वेळ आणि शाळेची वेळ एकच, मग धाकट्याला कोण सांभाळणार, तर पोरगी. आई शनिवारची सकाळची शाळा सुटली की घरोघरी जायची. भाषण वगैरे काही द्यायची नाही. उंबऱ्यापाशी बसून सूप पुढ्यात ओढून पानं कापू लागायची आणि विचारायची, अम्मा, पोरगी एंदुकु रालेदु? का आली नाही? धाकट्यामुळं असेल तर म्हणायची, धाकट्याला पण घेऊन ये. असे दोनतीन धाकटे कायम तिच्या वर्गात पट्टीवर झोपलेले असायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, हे पटावर आहे का? आई म्हणाली, अजून नाही, होईल.

१९९५ नंतर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायला लागला, त्याला ऐंशी टक्के हजेरी लागायची. खोटी हजेरी तिनं कधी मांडली नाही, पण जिची दोनतीन दिवसांनी हुकणार असेल तिला महिना संपायच्या आत घरनं उचलून आणायची. विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म तर आमच्या घरातल्या जेवायच्या जागेवर पसरलेले असायचे, त्याला त्या मुलांच्या आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागायचं आणि ते कुणाच्या तरी ट्रंकेत तळाशी असायचं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या, म्हणजे पद्मशालींच्या दैवताच्या, रथाला आम्हाला घेऊन जायची, तिथं चालता यायचं नाही, दर दहा पावलांवर बाई, बाई. तेव्हा मला राग यायचा, आपली आई आपल्याला कमी आणि सगळ्या पेठेला जास्त मिळते म्हणून. तिला मी हे कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

आता जे म्हणायचंय ते. मागच्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत पालक मीटिंग होती, तिथं सांगितलं की घरी पण इंग्लिशच बोला, मातृभाषेमुळं मुलं मागं पडतात. आणि सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या शेजारी एक तेलुगू आई बसली होती, ती लेकराशी कानात कुजबुजत बोलत होती, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला हे अजिबात पटलेलं नाही. लेकराच्या तोंडातली भाषा म्हणजे काय घाण आहे का, दारात पुसून आत यायला? पस्तीस वर्षं एका बाईनं उलटं करून दाखवलंय, तीच लेकराच्या भाषेत शिरली आणि मग त्याला हाताला धरून मराठीत आणलं, आणि त्या पोरी आज मराठीत नोकऱ्या करतायत. इंग्लिश शिकवा ना, जरूर शिकवा, पण शिकवणाऱ्यानं आधी चार पावलं यायला नको? मीटिंगमध्ये मी उठून हे बोलले. पुढं काय होईल माहिती नाही.

वहीत एका शब्दापुढं अर्थ पक्का लिहिलेला नाही. बेंग. पुढं लिहिलंय "काळजी? आठवण? विचारणे". तिसऱ्या रकान्यात एका पहिलीतल्या मुलीचं नाव आहे. मी शेजारच्या काकूंना विचारलं, त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, आई बाहेर गेली, दिसंना, की लेकराच्या पोटात जे होतं ना, ते.

मी पेननं नाही लिहिलं, पेन्सिलनं लिहून ठेवलंय.

शुक्रवारी सकाळी घरी वर्षश्राद्ध आहे, दुपारी चारनंतर मी मोकळी आहे. बाईंच्या हाताखाली ज्या कुणी शिकल्या त्यांनी या, वही बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवणार आहे, आपापलं नाव शोधा.