वाडीतल्या लोकांना विसरलात की!

कोकण रेल्वेच्या पावसाळी सुरक्षेवरच्या तुमच्या लेखात बोल्डर नेट (दरडीचे दगड अडवणारी जाळी), रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलावरचं वारा मोजायचं यंत्र सगळं आलं, पण रुळाशेजारी राहणाऱ्यांवर एक ओळ नाही, हे काय पटलं नाही बुवा. आमचं घर कटिंगच्या, म्हणजे रुळासाठी डोंगर कापलाय त्याच्या, वरच आहे, पाऊस चार दिवस लागून राहिला की बाबा आधी गटाराचं पाणी बघतात, लाल गढूळ आणि सोबत बारीक खडे आले म्हणजे माती सुटायला लागली. एकदा असंच दिसलं तर टॉर्च घेऊन भिजत पळत जाऊन रुळावर गस्त घालणाऱ्या रेल्वेच्या गस्तवाल्याला गाठलं, त्याने लगेच वॉकीटॉकीवरून कळवलं.

नशीब तो जवळ होता. रेल्वेच्या हेल्पलाइनचा १३९ नंबर वाडीत निम्म्यांना माहीत नाही, आणि रेंज असेल तर ना! मे महिन्यात गस्तवाल्यांची आणि वाडीची एक मिटिंग लावा, चहा आमच्याकडे.